एप्रिल लागला की माझा बास घुमायला लागतो

सलग दोन उन्हाळे मी एकाच तक्रारीसाठी, न वाजवताही येणाऱ्या घूं आवाजासाठी, माझा बास (खर्जात वाजणारी गिटार) उघडला. पहिल्या वर्षी आतून तांब्याची टेप चिकटवली. दुसऱ्या वर्षी पॉट (आवाजाची फिरती बटणं) आणि जॅक (केबल घालायची जागा) बदलले. दोन्ही वेळा जूनमध्ये घुमणं गेलं आणि मी मित्रांना सांगत सुटलो, बघा कसा पकडला दोष. तिसऱ्या एप्रिलला तोच आवाज तसाच परत आला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. दोन्ही वर्षी काम पावसानं केलं होतं आणि नाव माझं झालं होतं.

घरी गिटार किंवा बास बनवणाऱ्या प्रत्येकाला हे हमिंग कधी ना कधी छळतंच. त्यावर ज्याला विचाराल तो एकच सांगतो: आतून फॉइल मार. फॉइल कशावर चालतं आणि कशावर अजिबात चालत नाही, हे मात्र सांगत नाही. म्हणून आधी माझी फजिती सांगतो, मग तपासायचा क्रम. क्रमाला महत्त्व आहे, कारण मी उलटीकडून सुरुवात केली होती.

बास असा. पाडलेल्या एका वाड्याच्या दाराची सागवानी चौकट वखारीतून उचलली, सुताराकडून दोन तुकडे जोडून, राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) मारून खड्डे काढून घेतले. मान तयार विकत आणली. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारं, एकाच वेटोळ्याचं चुंबक), २५० किलोओहमचे पॉट, बॅटरी नाही. जुनं सागवान सुरेख वाजतं, पण सगळा मिळून बास पाच किलोच्या घरात गेलाय. तासभर उभं राहून वाजवला की डावा खांदा स्वतःची वेगळी तक्रार सुरू करतो. असो.

घर सोलापूरच्या पूर्व भागात. मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमची शेड, आठ माग, सकाळपासून खटखट. त्यामुळे पहिला संशय अर्थातच मागांच्या मोटरींवर. आमच्या ग्रुपमधला ड्रमवाला तर खात्रीनं म्हणाला, "मोटरीमुळंच यायलंय बे, दुसरं काय असणार?" मलाही पटलं. टेप लावली ती त्याच भरवशावर. आमच्या दोघांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही, की माग बारा महिने चालतात. मग घुमणं एप्रिल ते जूनच का?

तिसऱ्या वर्षी मे महिन्यातली संध्याकाळ. बाहेर पारा दिवसभर त्रेचाळीसच्या वर राहिलेला. आईनं नुकतीच शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसली होती. मी अनवाणी. बास अंगावर घेतला, तारेवर बोटं टेकवली आणि कोपरापर्यंत बारीक मुंग्या आल्या. धक्का म्हणावा इतकं नाही, पण नक्की काहीतरी. टेस्टर आणून तारेला लावला. दिवा लागला नाही, म्हणून मी निर्धास्त. ही माझी मोठी चूक. चाळीसेक व्होल्टला टेस्टरचा निऑन पेटतच नाही, आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसासाठी चाळीस व्होल्ट काही थट्टा नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन अण्णांना बोलावलं. त्यांनी गिटारकडे बघितलंसुद्धा नाही. ॲम्प (अँप्लिफायर) ज्यात लावतो त्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये सरळ मल्टीमीटर घातला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट. ठीक. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३८. तिथं एखाद-दोन व्होल्ट असायला हवेत.

"कूलर बंद करा की ओ," अण्णा म्हणाले.

कूलर बंद केला. ३८ चे ४ झाले.

मग सगळं उलगडलं. कूलरच्या पाण्याच्या पंपातून करंट लीक होत होता आणि घराच्या अर्थच्या तारेत उतरत होता. एरवी तो जमिनीत जिरला असता. पण आमचा अर्थिंगचा खड्डा घरामागं, तुळशीपलीकडं, आणि त्याला वर्षानुवर्षं कुणी पाणी घातलेलं नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळते, आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सळईभोवतीची माती अशी सुटली की अर्थिंग नावालाच उरतं. मग लीक झालेला करंट जाणार कुठं? त्या तारेला जे जे जोडलंय ते सगळं ३८ व्होल्टवर जाऊन बसतं: फ्रिज, मिक्सर, ॲम्पची चासी (धातूचा सांगाडा), ॲम्पमधून केबलच्या आतल्या तारेभोवतीची जाळी, जाळीतून बासचा ब्रिज (तारांची खालची टोकं बसतात तो धातूचा भाग), ब्रिजमधून तारा. मी मात्र फरशीवर, म्हणजे शून्याच्या जवळ. तारांना हात लावला नाही की माझंच शरीर आणि पिकअप यांच्यातल्या फरकामुळं घूं आवाज. हात लावला की आवाज कमी आणि दंडात मुंग्या. पाऊस पडला की माती भिजायची, कूलर माळ्यावर जायचा आणि माझी तांब्याची टेप "लागू पडायची".

मेन बंद करून अण्णांनी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं. कूलर लावून मोजलं तर ३८ वरून १४ वर आलं. नवा पंप बसवल्यावर २. पुढं खड्डा उकरून, गंजलेली सळई बदलून, कोळसा-मीठ घालून परत भरला. त्यांनी वर ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) बसवायला सांगितलं. ती आधीपासून असती तर पहिल्याच उन्हाळ्यात बहुधा खटका पडला असता आणि माझी तीन वर्षं वाचली असती. आमच्या बोर्डात ती नव्हतीच. जुन्या घरांत बहुधा नसतेच.

मुंग्यांबद्दल एवढं बोलतोय कारण वाजवणारी पोरं त्या हसण्यावारी नेतात. गणपतीच्या मांडवात तर रोजचंच: ॲम्प एका बोर्डावर, माईकचा मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, दोघांचं अर्थिंग वेगळं किंवा नाहीच. एक हात तारांवर, ओठ माईकला. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथं स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवर माईकला हात लावताना विजेच्या धक्क्यानं गेला, सगळ्या प्रेक्षकांसमोर. गाण्याआधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला आणि एक माईकच्या जाळीला लावायचं. दहा सेकंदांचं काम. तिथं दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं तर आधी वायरिंग, मग गाणं. आणि ॲम्पच्या प्लगची जाड (अर्थची) पिन कापून हमिंग घालवायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून दुसराही कुठलाच सल्ला घेऊ नका. सॉकेटमध्ये मल्टीमीटरची टोकं घालायची सवय नसेल तर तेही वायरमनलाच करू द्या.

आता क्रम. पाना हातात घ्यायच्या आधी या पाच गोष्टी करा. स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

आधी केबल गिटारमधून काढा, ॲम्पमध्ये राहू द्या, आणि सुटं टोक टेबलावर कशालाही न टेकवता ठेवा. थोडी घूं येईल, ती चालते. मग ॲम्पकडूनही काढा. काहीच जोडलेलं नसताना ॲम्प मोठ्यानं घुमत असेल तर दोष ॲम्पचा, गिटारला हातही लावू नका.

गिटार जोडून व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. बहुतेक पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, गिटारमध्ये शून्यावर आतली गरम (सिग्नल नेणारी) तार थेट ग्राउंडला (शून्य बाजूच्या तारेला) टेकते. त्यामुळं शून्यावर शांत झालं तर आवाज पिकअपमधून किंवा आतल्या खड्ड्यातल्या वायरिंगमधून येतोय. शून्यावरही तसाच राहिला तर केबल, जॅक, ॲम्प किंवा घर. माझ्या बासमध्ये शून्यावर जवळजवळ शांत व्हायचं, म्हणून मी गिटारलाच दोषी धरलं. ही परीक्षा दोष कुठून आत शिरतोय ते सांगते, कुणी निर्माण केलाय ते नाही. हे नीट लक्षात घ्या, मी तिथंच घसरलो.

तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर ब्रिजची ग्राउंड तार शाबूत आहे. काहीच फरक नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावल्यावर कमी होतो, तर ब्रिजची तार तुटलीय किंवा टेकत नाही. आणि तारांना हात लावल्यावर आवाज उलट भसकन वाढला, तर जॅकच्या दोन तारा उलट्या लागल्यात. मुंग्या आल्या तर वर सांगितलंच.

मग गिटार वाजवायच्या पवित्र्यात धरून जागच्या जागी गोल फिरा. घरच्यांना वाटेल काहीतरी व्रत चाललंय, वाटू द्या. एका दिशेला घुमणं वाढतं आणि काटकोनात वळल्यावर जवळजवळ मरतं, तर ते चुंबकीय आहे: ट्रान्सफॉर्मर, मोटर, ॲम्पच्याच आतला मोठा ट्रान्सफॉर्मर. दिशेनं काही फरक पडत नाही पण तारांना हात लावल्यावर पडतो, तर ते विद्युत क्षेत्राचं.

याच फरकावर फॉइलचं भवितव्य ठरतं. तांब्याची टेप विद्युत क्षेत्र अडवते. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून असं आरपार जातं जसं काही नाहीच. शेजारच्या मोटरींचं घुमणं फॉइलनं थांबवायला निघणं म्हणजे जाळीच्या खिडकीनं ऊन अडवणं. त्याला उपाय दोनच: लांब जा, नाहीतर घुमणं कापणारे पिकअप घ्या.

पाचवी परीक्षा कानाची. बासच्या सगळ्यात जाड, म्हणजे ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या धातूच्या पट्टीचा) जी सूर दाबा. तो ४९ हर्ट्झचा. आपल्या विजेचं घुमणं ५० हर्ट्झचं, म्हणजे त्या जीच्या किंचित वर. सूर दाखवणारा ट्यूनर लावून ठेवला तर काही न वाजवताच तो जी दाखवतो आणि काटा उजवीकडं. गोल, जाड "घूं" असेल तर मेन्स, अर्थिंग, ट्रान्सफॉर्मर या बाजूला शोधा. चरचरीत "झर्रर्र" असेल तर पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवा, मोबाईल चार्जर, नाहीतर इन्व्हर्टर. गोल फिरणारा जुन्या पद्धतीचा डिमर रेग्युलेटर यात सगळ्यात वाईट. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद केल्यावर झर्रर्र गेलं तर चोर सापडला. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करायचा विचार तर सोडूनच द्या. लॅपटॉपवर वाजवत असाल तर चार्जर काढून बघा. नुसत्या बॅटरीवर शांत होत असेल तर लॅपटॉप आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, बरेचदा तेवढ्यानंच भागतं.

इथपर्यंत येऊन दोष गिटारच्याच आत आहे असं ठरलं, तरच झाकण उघडा. आता आतल्या नेहमीच्या भानगडी.

भाच्यानं किटची गिटार जोडली होती. तारांना हात लावला की ॲम्प भोंग्यासारखा ओरडायचा. दोन पिकअप बदलून झाले होते बिचाऱ्याचे. जॅक बाहेर काढला. उघड्या जॅकमध्ये दोन पाय असतात: एक, जी गोल भिंत नटातून गिटारच्या पत्र्याला टेकते तिला जोडलेला, तो ग्राउंड; दुसरा, जी वाकडी लांब जीभ प्लगच्या टोकाला चिकटते तिचा, तो गरम. पाय जवळजवळ असतात आणि वरून सारखेच दिसतात. भाच्याने पाय रंगावरून ओळखले होते, म्हणजे तारेच्या रंगावरून. तार कुठल्याही रंगाची असू शकते. प्लग आत घालून जीभ कुठं टेकते ते डोळ्यांनी बघायचं आणि तिच्या मागं कुठला पाय निघतो ते बोटानं शोधायचं. पाच मिनिटांत शांत. "मामा, पिकअपचे पैसे?" हा प्रश्न मी ऐकला नाही असं दाखवलं.

ब्रिजची तार ही घरी बनवलेल्या वाद्यांतली सगळ्यात कमजोर जागा. आपण ब्रिजखालून भोक पाडतो, सोललेली तार पसरवतो, वर ब्रिज आवळतो. काळ्या रंगाचा ब्रिज असेल तर खालच्या रंगामुळं तार टेकतच नाही. खालचा रंग पॉलिश पेपरनं तेवढ्या जागी खरवडायचा. चांगला ब्रिजही उन्हाळ्यात लाकूड वाळल्यावर सैल पडतो. माझ्या सागवानाचे चार स्क्रू दर मेमध्ये पाव फेरा मागतात. मल्टीमीटर बीपवर (जोड शाबूत असला की वाजतो त्या खुणेवर) ठेवून एक टोक तारेला, एक जॅकच्या भिंतीला. बीप वाजलाच पाहिजे आणि ओहम एकच्या आत. गिटार हलवताना बीप तुटला तर तिथंच घोळ. अपवाद ईएमजीसारख्या ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, पिकअपचा: तिथं तारांना ग्राउंड जोडूच नका असं कंपनीच सांगते.

आतला सोल्डर. पॉटच्या पाठीवर ग्राउंडच्या सगळ्या तारा येतात आणि तो पत्रा उष्णता खातो. पंचवीस वॉटच्या आयर्ननं तो तापत नाही, वरच्या वर गोळा बसतो आणि महिन्यानं सुटतो. साठ वॉटचा घ्या, पाठ पॉलिश पेपरनं घासा, आधी पत्र्यावर थोडं सोल्डर वितळवून घ्या, मग तार. आणि पंखा बंद करा. आपल्याकडं मेमध्ये हे सांगणं म्हणजे शिक्षाच, पण वाऱ्याखाली बसवलेला जोड राखाडी, खरबरीत होतो. चांगला जोड चकाकतो.

फॉइल लावणारच असाल तर टेपचा प्रत्येक तुकडा दुसऱ्यावर चढवा आणि तुकड्या-तुकड्यात बीप बघा, कारण स्वस्त टेपचा गोंद वीज नेत नाही. मग जोडांवर सोल्डरचा एकेक ठिपका द्या. सगळं फॉइल एका तारेनं ग्राउंडला गेलं पाहिजे, नाहीतर ती नुसती सजावट. स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल चालतं, पण त्याला साधं सोल्डर धरत नाही. वॉशर घालून स्क्रूनं तार आवळावी लागते. आणि फॉइल लावल्यावर गिटार पूर्ण मुकी झाली तर घाबरू नका. जॅकची जीभ प्लग घातल्यावर बाहेर सरकते आणि खड्ड्याच्या भिंतीवरच्या फॉइलला टेकते. तिथं इन्सुलेशन टेपचा एक तुकडा. हे मी स्वतः दोनदा केलंय.

शेवटी जे उरतं ते सिंगल कॉइलचं स्वतःचं घुमणं, आणि तो दोष नाही, स्वभाव आहे. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी याच त्रासावर उपाय म्हणून उलटे गुंडाळलेले आणि उलट्या चुंबकाचे दोन कॉइल शेजारी ठेवले, १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि तो हंबकर, म्हणजे हम कापणारा पिकअप झाला. तारांचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरचं घुमणं एकमेकांना खाऊन टाकतं. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासचा १९५७ नंतरचा दोन तुकड्यांचा पिकअप त्याच तत्त्वावर शांत असतो. जॅझ प्रकारच्या बासमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना ही गंमत होते आणि एक कमी केला की घूं परत येते. पण त्यासाठी दोन पिकअप एकमेकांचे जोडीदार हवेत. दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून एकेक स्वस्तात उचलला तर बहुधा नसतात. दोन्ही पूर्ण करूनही घुमणं कमी होत नसेल तर होकायंत्र आणून दोन्ही पिकअपमधल्या चुंबकी खुंट्यांवर धरा. सुई दोन्हीकडं एकच टोक दाखवत असेल तर जोडी चुकलीय. मग एकाच्या तारा अदलाबदल करून बघायचा मोह होतो. घुमणं जातंही, पण सोबत बासचा सगळा बास जातो आणि पत्र्याच्या डब्यासारखा आवाज उरतो.

माझं सध्याचं असं चाललंय. रविवारी तुळशीला पाणी घालताना दोन बादल्या खड्ड्यात. महिन्यातून एकदा न्यूट्रल आणि अर्थमधला आकडा बघून बोर्डाच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीनं लिहितो. या वर्षी मार्चमध्ये १.२, एप्रिलमध्ये १.६, मेच्या दुसऱ्या आठवड्यात २.१. कूलर चालू असताना मी त्याच्यापासून आठ फूट लांब, खिडकीकडं तोंड करून उभा राहतो, तिथं घुमणं सगळ्यात कमी. बास उघडलेला नाही.

हमिंगबद्दल कुणाला विचारायला जाल तेव्हा "खूप आवाज येतो" एवढंच सांगू नका. व्हॉल्यूम शून्यावर काय होतं, तारांना हात लावल्यावर काय होतं, गोल फिरल्यावर काय होतं, आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल ते अर्थ किती व्होल्ट, एवढं लिहून न्या. आणि घरात कूलर आहे का, तेही.